कोपरापासून करंगळीपर्यंत

जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी आहेत. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढणारी बहुतेक माणसे गिरिजात्मजाचे दर्शन घेतात, माकडांपासून पिशव्या सांभाळतात आणि खाली उतरतात. शेजारच्या चैत्यगृहात दात्याचे नाव कोरलेले आहे: कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त. त्याच्यासारख्या अनेकांची नावे या डोंगरांत ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत जागोजागी सापडतात. कोणी पाण्याचे टाके खोदून दिले, कोणी राहण्याची खोली. दात्यांत धान्याचे व्यापारी आहेत आणि इरिल, चिट, चंद अशा नावांचे यवनही आहेत. ज्यांच्याकडे दानाची रक्कम ठेव म्हणून ठेवली जाई, त्या बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेण्यांचाही उल्लेख येतो. लेखातला ‘कासाकार’ म्हणजेच आपला आजचा कासार.

काहींनी शेत दिले. त्या शेताचे माप लेखात ‘निवतण’ असे येते. संस्कृतात तेच निवर्तन. सातवाहनांच्या काळात दख्खनमध्ये जमीन या मापाने मोजली जाई. निवर्तन म्हणजे केवढे, हे पाहायचे तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रातले मोजमापांचे कोष्टक उघडावे लागते. तीन रज्जू म्हणजे निवर्तनाची एक बाजू. एक रज्जू म्हणजे दहा दंड. एक दंड म्हणजे चार अरत्नी. एक अरत्नी म्हणजे २४ अंगुळे. कामाप्रमाणे दंडाची लांबी बदलत असे, पण हे सर्वसाधारण कोष्टक धरले आणि अंगुळ पावणेदोन ते दोन सेंटिमीटरच्या दरम्यान मानले, तर निवर्तनाची बाजू १२० अरत्नींची, म्हणजे साधारण ५५ मीटर निघते. असा चौरस तुकडा म्हणजे आजचे सुमारे ३० गुंठे. भिक्षुसंघाला मिळालेल्या शेताचे माप अशा रीतीने उतरत उतरत माणसाच्या हातापाशी येऊन थांबते.

या उतरंडीतला अरत्नी हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. कोपर टेबलावर टेकवा, मूठ मिटा आणि फक्त करंगळी ताठ सोडा. कोपराच्या हाडापासून करंगळीच्या टोकापर्यंत जेवढे अंतर होते, त्याला अमरकोशाने अरत्नी म्हटले आहे. पूर्ण पंजा उघडला की तो हस्त. करंगळीही मिटून घेतली की ती रत्नी. कोशकारांनी इतक्या बारकाईने भेद केले, कारण कापड, लाकूड, यज्ञाची वेदी, सगळे याच मापांनी मोजले जाई. बोटभर फरकाला तिथे किंमत होती. यातला अरत्नी हा फार जुना शब्द. वैदिक भाषेत त्याचा अर्थ मापाआधी कोपर असाच होता.

आता इंग्रजीकडे वळू. कोपराला इंग्रजीत एल्बो म्हणतात, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. हा एक सामासिक शब्द आहे, हे मात्र इंग्रजी बोलणाऱ्यांच्याही सहसा लक्षात येत नाही. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप एल्नबोगा असे होते. एल्न म्हणजे कोपरापुढचा हात, आणि बोगा म्हणजे वाक, कमान. हात जिथे कमानीसारखा वाकतो ते एल्नबोगा. पुढे मधला न गळाला, शेवट झिजला आणि एल्बो उरले. बोगापासून इंग्रजीत धनुष्याला बो म्हणतात. एल्नपासून कापड मोजण्याचे एल हे माप आले. इंग्लंडात एक एल ४५ इंचांचा, स्कॉटलंडात ३७ इंचांचा आणि फ्लँडर्सच्या बाजारात २७ इंचांचा. नाव एका हाताचे आणि लांबी प्रत्येक बाजारात वेगळी! व्यापारात एक हात अनेक हात कसा होतो, याचे हे चांगले उदाहरण.

हा एल्न एकटा नाही. लॅटिनमध्ये अल्ना, ग्रीकमध्ये ओलेने, आणि संस्कृतात अरत्नी, ही सगळी एका मुळाची पिलावळ आहे. डॉक्टर हाताच्या करंगळीकडच्या लांब हाडाला अल्ना म्हणतात तेव्हा तोच शब्द उच्चारतात. बोगाचे नातेही संस्कृतातल्या भुज् या वाकण्याच्या धातूशी जोडले जाते. बाहूला भुज आणि वळत वळत जाणाऱ्या सापाला भुजंग म्हणण्यामागे हाच धातू. म्हणजे लंडनच्या माणसाच्या कोपरात आणि जुन्नरच्या शेताच्या मापात एकच प्राचीन शब्द लपून बसलेला आहे. माझ्या मते शब्दांच्या अभ्यासातला खरा आनंद हा आहे. दोन भाषांतले आवाज सारखे वाटतात म्हणून नाते जोडणे सोपे असते. पण एल आणि अरत्नी यांचे आवाज फारसे सारखे नाहीत, तरी त्यांचे नाते भक्कम आहे, कारण दोन्हींतले बदल ठरलेल्या नियमांनी झालेले आहेत.

मराठीत अरत्नी टिकला नाही. आपण कोपर घेतले ते संस्कृतातल्या कूर्परावरून, प्राकृतातल्या कोप्परमार्गे. मापासाठी हात घेतला तो हस्तावरून, आणि वीत घेतली ती वितस्तीवरून. वितस्ती १२ अंगुळांची, म्हणजे बरोबर अर्धी अरत्नी. अंगठा आणि करंगळी ताणून धरली की जे अंतर होते ती वीत. स्वतःच्या हातावर करून पाहा: कोपरापासून दोन विती टाकल्या की करंगळीच्या आसपास पोहोचता. ज्यांनी हे कोष्टक बसवले त्यांनी आधी हात नीट पाहिला होता.

शिवनेरीवर जन्मलेल्या राजाच्या राज्यात जमिनीची मोजणी झाली तेव्हाही माप हातावरूनच ठरले. काठी पाच हात पाच मुठींची. अशा वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा आणि १२० बिघ्यांचा चाहूर. यातली मूठ म्हणजे मिटलेल्या पंजाची रुंदी. निवर्तनाच्या दंडापासून या काठीपर्यंत दीड हजार वर्षांहून अधिक काळ गेला, मधे राजवटी आल्या आणि गेल्या, पण शेताच्या बांधावर माप उभे राहिले ते हाताच्याच आधारावर.

आणि ही मापे अजून संपलेली नाहीत. जुन्नर आणि आंबेगावच्या पूर्वेकडच्या, कांदा आणि बटाटा पिकवणाऱ्या पट्ट्यात पहिल्या पावसानंतर शेतकरी ढेकूळ फोडून पाहतो आणि सांगतो, ‘वीतभर ओल गेली.’ पश्चिमेच्या डोंगराळ भागात, आहुप्याकडे आणि भीमाशंकराच्या अंगाला, आवणीच्या वेळी भाताच्या रोपांच्या मुठी बांधतात. दळणाला धान्य काढताना पसाभर जास्त घालतात. हा पसाही संस्कृतातल्या प्रसृतीवरून आला, म्हणजे पसरून खोलगट केलेला हात. ओंजळ आली अंजलीवरून. चिमूट, मूठ, पसा, ओंजळ: सगळे स्वयंपाकघर एका हाताच्या वेगवेगळ्या आकारांवर चालते.

या सगळ्यांत मला परस फार आवडतो. विहीर किती खोल आहे असे विचारले की जुनी माणसे फुटांत सांगत नाहीत, परसांत सांगतात. परस म्हणजे पुरुष: एका माणसाच्या उंचीएवढी खोली. विहिरीत दगड बांधलेला दोर सोडायचा, तळ लागला की ओढून घ्यायचा आणि ओला दोर दोन्ही हात फैलावून छातीवरून मोजत जायचा. या फैलावलेल्या हातांच्या अंतराला वाव म्हणतात, संस्कृतात व्याम. अर्थशास्त्रात ८४ अंगुळांच्या व्यामाचा उपयोग दोनच कामांसाठी सांगितला आहे: दोर मोजायला आणि खोदकामाची खोली मोजायला. खोलीच्या मापाला तिथे दिलेले नाव आहे खातपौरुष. खात म्हणजे खोदलेले, आणि पौरुष म्हणजे आपला परस. विहिरीच्या काठावरचा अनुभवी माणूस दोर मोजतो तेव्हा एका अतिशय जुन्या नियमाप्रमाणे वागत असतो, आणि तो नियम त्याने कोणत्याही पुस्तकातून घेतलेला नसतो.

शरीराचे अवयव असे मापाच्या कामाला येतात. यंत्रांच्याही येतात. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. त्यांपैकी १४ मध्यभागी एकवटल्या आहेत आणि उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या आहेत, इतक्या की टोकापासून टोकापर्यंतचे अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. शास्त्रज्ञ या तीन रांगांना भुजाच म्हणतात. इंग्रजीतही त्यांना हाताचेच नाव आहे.

पण अवयवाचे नाव जसे दूर पसरते, तसे ते आतून झिजतेही. एल्बोचे तसेच झाले. नाकपुडीला इंग्रजीत नॉस्ट्रिल म्हणतात. जुने रूप नोसथिर्ल: नोस म्हणजे नाक, थिर्ल म्हणजे भोक. भोक पाडणे, आरपार जाणे, या अर्थाचा जो शब्द इंग्रजीत होता त्याचेच आजचे रूप थ्रिल, अंगातून आरपार गेलेली शिरशिरी. पण नॉस्ट्रिल म्हणताना कोणालाही भोक दिसत नाही. आपला नाकपुडी हा शब्द मात्र अजून ताजा आहे. नाक आणि पुडी, दोन्ही सुटे वापरात आहेत. पुडी पुटावरून आली, आणि संस्कृतात नाकपुडी म्हणजे नासापुट. तळहात आणि तळपाय यांचेही सांधे उघडे आहेत. भुवईचे उलटे आहे: तिच्यातला भ्रू आपल्याला सहज दिसत नाही, आणि इंग्रजीतल्या आयब्रोमधला ब्रो हा तोच भ्रू आहे हे तर बोलणाऱ्या कोणाच्या मनातही येत नाही. इंग्रजी ब्रोचा अर्थ पुढे कपाळाकडे सरकला, म्हणून त्यामागे डोळ्याचा शब्द जोडून घ्यावा लागला.

घोड नदीवर डिंभे धरण झाले आणि मूळचे आंबेगाव पाण्याखाली गेले. तालुक्याचे नाव मात्र आंबेगावच राहिले, कचेऱ्या घोडेगावात आहेत. एल्बोतला एल असाच आहे. एल हे माप बाजारातून उठले, ते नाव आता कोणी कापडाच्या दुकानात घेत नाही, पण जोडशब्दात त्याची जागा कायम राहिली. भाषेत अशा पाण्याखाली गेलेल्या गावांची नावे पुष्कळ आहेत, आणि ती शोधायला शरीरावरची नावे फार उपयोगी पडतात, कारण ती रोज वापरात असतात आणि बदलायला सहसा तयार नसतात. प्राकृतातल्या गाथासप्तशतीत पोटाला पोट्ट म्हटले आहे आणि पोट भरणे हा शब्दप्रयोगही तिथे जसाच्या तसा आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संग्रहातला माणूस पोट भरत होता आणि मंचरच्या बाजारात आलेला माणूसही पोटच भरायला येतो.

सातवाहनांचे नाव निघाले की जुन्नरच्या माणसाची नजर नाणेघाटाकडे जाते. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवरून आलेला माल याच वाटेने जुन्नरला चढे. वैशाखऱ्याच्या बाजूने, कोकणातून वर पाहिले की घाटाच्या बाजूला कड्यापासून सुटा, ताठ उभा राहिलेला एक अंगठा दिसतो. लोक त्याला नानाचा अंगठा म्हणतात. जुन्नरकडून आलो तर हाच अंगठा गवताच्या साध्या उतारासारखा लागतो, चालत वर जाता येते, आणि माथ्यावर पोहोचल्यावर एकदम पुढे तुटलेला कडा येतो. म्हणजे हे नाव कोकणातून चढणाऱ्यांनी दिले असणार. तांडे घेऊन घाट चढणाऱ्याला हा अंगठा दुरून दिसे आणि वाट बरोबर असल्याची खूण पटे.

घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. डाव्या आणि उजव्या भिंतीवर मोठा लेख आहे. त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे आणि कार्षापण नाण्यांची यादी आहे, आकड्यांसकट. १८२८ साली कर्नल साइक्सने या लेखाकडे विद्वानांचे लक्ष वेधले, आणि १८७० च्या दशकात भगवानलाल इंद्रजी यांनी त्यातल्या अंकांचा उलगडा केला. भारतीय अंकांच्या इतिहासात या भिंतीला मानाचे स्थान आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या आठ मूर्ती होत्या. वर कोरलेल्या नावांत ही आहेत: राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. मूर्ती आज नाहीत. पायांच्या पुसट खुणांवर नजर स्थिरावते आणि वर नावे वाचता येतात. महारठी हा शब्द तिथे वाचताना मराठी माणसाच्या अंगावर काटा येतो. तो आलाच पाहिजे.

पण आपण अंगठ्याकडे परत येऊ. अंगठा हाही जोडशब्द आहे. संस्कृत अंगुष्ठ, त्यात अंगु आणि स्थ असे दोन तुकडे. अंगु म्हणजे हात, आणि स्थ म्हणजे उभा असलेला. हातावर वेगळा उभा राहतो तो अंगुष्ठ. इतर चार बोटे एका रांगेत असतात आणि हा बाजूला सुटा, म्हणून त्याला हे नाव. पाणिनीच्या आठव्या अध्यायात एक सूत्र आहे, ज्यात कोणत्या शब्दांनंतर स्थ मधल्या स चा ष होतो ते सांगितले आहे. त्या शब्दांच्या यादीत अंगु आहे. आणि त्याच यादीत गो आहे.

गो आणि स्थ मिळून गोष्ठ होतो: गाई जिथे उभ्या राहतात ती जागा. प्राकृतात त्याचा गोट्ठ झाला आणि मराठीत गोठा. अंगुष्ठाचा प्राकृतात अंगुट्ठ झाला आणि मराठीत अंगठा. गोठा आणि अंगठा हे सख्खे भाऊ आहेत, पाणिनीने त्यांना एकाच सूत्रात बसवले आहे. गोठ्यात बसून लोक बोलत, त्यावरून गोष्ठी, आणि गोष्ठीवरून आपली गोष्ट. ष्ठ चा ठ होण्याची ही रीत मराठीत अतिशय नियमित आहे: ओष्ठाचा ओठ, पृष्ठाची पाठ, कोष्ठाचा कोठा. एकदा ही रीत कानात बसली की शेतकऱ्याच्या घरातले निम्मे शब्द आपली कुळे सांगू लागतात.

अंगठ्याचा एक चुलतभाऊ परदेशातून आला. इराणी भाषांत अंगुष्ठाचे रूप अंगुश्त, आणि तिथे त्याचा अर्थ कोणतेही बोट. त्यावरून बोटात घालायची टोपी अंगुश्ताना. शिंप्याच्या दुकानातला अंगुस्तान तो हाच. म्हणजे शिंप्याच्या बोटाला सुईपासून वाचवणारी ती पितळी टोपी आणि नाणेघाटावरचा तो कडा यांच्या नावांचे मूळ एक आहे. एक शब्द घरातून उतरत आला आणि दुसरा फारसीच्या वाटेने फिरून आला. इंग्रजी थम या बाबतीत अगदीच परका: त्याचा मूळ अर्थ फुगलेला, आणि त्याचे नाते ट्यूमर या शब्दाशी.

अंगठ्याचे कागदावरचे काम मात्र तसे अलीकडचे. जुन्या मराठी कागदांत पाटलाची निशाणी नांगराची असे. सही येत नाही म्हणून तो ओबडधोबड नांगर काढी, आणि ती खूण सरकारदरबारी चाले. पुढे इंग्रजी अमलात बंगालमध्ये हाताच्या ठशांचे प्रयोग झाले, १८९७ साली कलकत्त्यात ठसे तपासणारी कचेरी उघडली, आणि हळूहळू नांगराच्या जागी डाव्या हाताचा अंगठा आला. मला नांगर जास्त आदराचा वाटतो. त्या खुणेत माणूस आपले काम सांगत होता. शाईच्या डागात तो फक्त आपले अक्षर येत नसल्याची कबुली देतो, आणि अंगठाबहाद्दर ही शिवी त्या कबुलीतूनच जन्मली. वास्तविक ज्या मातीत निवर्तनांचे आकडे दगडावर कोरले गेले, तिथल्या कष्टकऱ्याला ही शिवी मिळावी, हे दुःखाचे आहे.

जोडशब्दाचे सांधे झिजले की लोक गप्प बसत नाहीत, नवे सांधे घालतात. अरत्नीच्या सुरुवातीचा अ हा नकाराचा असावा असे कोणाला तरी वाटले, आणि तो काढून टाकून रत्नी असा नवा शब्द तयार झाला. अमरकोशातली ती मिटलेल्या मुठीची रत्नी अशी एका गैरसमजातून जन्मली, आणि मग तिला स्वतंत्र मापही मिळाले. इंग्रजीत नखाच्या कडेला सुटणाऱ्या कातडीच्या सालपटाला हँगनेल म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटते, लोंबते म्हणून हँग. जुने रूप अँगनेल होते आणि त्याचा मूळ अर्थ पायाचे दुखणारे कुरूप. त्यातला अँग म्हणजे दाटून आलेली वेदना, आणि संस्कृतातल्या अंहस् या संकटवाचक शब्दाचे त्याच्याशी नाते आहे. अर्थ विसरला गेला तेव्हा लोकांनी पुढे ह लावून त्याला आपल्याला कळेल असे केले.

नाणेघाटाच्या नावाचेही दोन अर्थ लोकांत चालतात, आणि दोन्हींना एकेक दगड साक्षीला आहे. नाणे असा अर्थ घेणारे घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणाकडे बोट दाखवतात: जकातीची नाणी यात पडत. नाना असा अर्थ घेणारे अंगठ्याकडे बोट दाखवतात, आणि नाना कोण होता याची गोष्ट सांगणाऱ्यागणिक थोडी बदलते. नावाला अर्थ हवा आणि अर्थाला पुरावा हवा, ही माणसाची भूक दोन्ही बाजूंना सारखीच आहे.

जुन्नरच्या दक्षिणेकडच्या मानमोडीवर ही भूक सगळ्यांत स्पष्ट दिसते. या डोंगरात लेण्यांचे तीन गट आहेत आणि त्यांतल्या एका लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये दिलेल्या दानाची नोंद आहे. डोंगराचे नाव आजच्या मराठीत सरळ लागते: मान मोडतो तो. उंच कड्याखाली उभे राहून वर पाहिले की मान खरोखरच अवघडते, शिवाय अवघड वाटेची भीतीही नावात बसते. पण इथल्याच एका प्राचीन लेखात डोंगराचे नाव मानमुकड असे आले आहे. त्यात मोडणे नाही. मुकड या भागाचा अर्थ बोलणाऱ्यांना लागेनासा झाला, तेव्हा जिभेने त्याला जवळच्या, ओळखीच्या मोडीकडे वळवले, आणि तसे झाल्यावर पुढच्या मान या अक्षरांना गळ्यावरची मान होणे भागच पडले. एका डोंगराला असा अवयव मिळाला.

अभ्यासक याला लोकव्युत्पत्ती म्हणतात आणि बऱ्याचदा खोटी म्हणून बाजूला सारतात. मला तसे करवत नाही. मानमुकड हा नावाचा उगम आहे आणि मान मोडणारा हा त्याचा आजचा अर्थ आहे; हँगनेलमधला लोंबणारा तुकडा जितका आजचा, तितकाच. जुन्नरमध्ये कोणाला डोंगराचे नाव विचारले तर आधी लोकांचा अर्थ पूर्ण ऐकून घ्यावा, वाटेल तर मान मागे टाकून कडाही पाहावा, आणि मग लेण्यात जाऊन ब्राह्मीतली ती अक्षरे वाचणाऱ्याकडून मानमुकड हे नाव समजून घ्यावे. दोन्ही एकाच डोंगरावर, एकाच दुपारी होण्यासारखे आहे.